आमच्या रोडचं दुसरं टोक

आमचं घर विट्याच्या थोडं बाहेर, रोडला लागून. रोड म्हणजे गुहागर-विजापूर रोड. कागदावर आता त्याला राष्ट्रीय महामार्ग १६६-ई म्हणतात पण आमच्याकडं अजून कुणाच्या तोंडात ते बसलेलं नाही, सगळे आपलं गुहागर-विजापूरच म्हणतात. लहानपणी एसटीची वाट बघत मैलाच्या दगडावर बसायचो, त्यावर गुहागर लिहिलेलं असायचं, आणि माझ्या डोक्यात गुहागर म्हणजे कराडच्या पुढं कुठंतरी असलेलं बाजाराचं गाव. समुद्राचा काही संबंधच नव्हता त्यात. समुद्र म्हणजे मुंबई, नाहीतर गणपतीपुळ्याची शाळेची सहल. आपल्या दारातनं डावीकडं वळून गाडी सरळ सोडली तर रोड पार समुद्राला जाऊन टेकतोय हे नकाशात बघितलं तेव्हा मी चांगला बापय झालो होतो.

तर यंदा कोजागरी झाली आणि ठरवलं, ह्याच रोडनं जायचं, रोड संपंस्तोवर. पुढं किनाऱ्यानं रत्नागिरीपर्यंत खाली उतरायचं आणि आंबा घाटानं परत. गाडी आमची जुनी वॅगनआर. माणसं चार: मी, बायको, पाचवीतली पोरगी (शाळा बुडवून) आणि आण्णा. आई म्हणली दिवाळी तोंडावर आलीय, मला घर आवरायचंय, तुम्ही सगळे गेलात तर बरंच आवरंल.

आण्णांबद्दल आधीच सांगितलं पाहिजे. माझे आण्णा अठरा वर्षं केरळात गलाईच्या दुकानात होते. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस असा असतोच, देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात सोनं-चांदी गाळत बसलेला. त्यामुळं "वडलांना पहिल्यांदा समुद्र दाखवला" असलं काही ह्यात नाही. त्यांनी समुद्र माझ्यापेक्षा जास्त बघितलाय आणि पूर्ण तीन दिवस त्यांनी ते आम्हाला विसरू दिलं नाही.

निघायचं पहाटे पाचला ठरलेलं. निघालो पावणेदहाला. दोष कुणाचा ते लिहीत नाही कारण ते हे वाचणार आहेत.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गाडीजवळ आला ते आकाशाकडं बघतच. त्याची दोन एकर द्राक्षबाग, छाटणी होऊन पंधरा-सोळा दिवस झालेले, फुटवे दोन-तीन पानांवर. ज्यांची बाग नाही त्यांना सांगतो, हे दिवस म्हणजे घरात तान्हं पोर असल्यासारखे असतात. पाऊस पडला की डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, नुसतं ढगाळ राहिलं तरी घड जिरायची, म्हणजे फुटव्यातच नाहीसे व्हायची भीती. दादा म्हणला, "तिकडं ढग दिसला की फोन कर." मी म्हणलो, आरं ॲप आहे की मोबाईलमध्ये. तर म्हणतो ॲप सगळ्या तालुक्याला एकच सांगतंय, तू तिथनं डोळ्यानं बघून सांग.

आता त्याचं डोकं असं चालतं कारण आमच्याकडं लहानपणापासनं एकच गणित पाठ आहे: ढग समुद्रावरनं येतो. जून-जुलैत तो येतो, घाटाला थटतो, कोयनेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास सगळं ओतून टाकतो, पाटणला थोडं शिल्लक, कराडला त्याहून कमी, आणि विट्याला पोचंस्तोवर नुसतं अब्रूपुरतं. पाच-सहाशे मिलिमीटर पडला तर आम्ही म्हणतो यंदा बरा झाला. म्हणजे जो रोड आम्ही निघालो होतो तोच ढगाचा पण रोड, फक्त तो उलट्या दिशेनं येतो आणि वाटेत सगळ्यांना वाटत वाटत येतो. आमच्या ताटात काय पडणार.

कडेगाव, कराड, काही विशेष नाही, रोड चांगला. कराडच्या पुढं रस्ता कोयनेच्या कडेनं लागतो आणि मग जे होतं ते गाडीत बसूनच बघायला पाहिजे, कारण बदल इतका सावकाश होतो की पोरगी मध्येच म्हणली, "पप्पा, हिरवं कधी सुरू झालं?" मला पण सांगता येईना. मल्हारपेठेपर्यंत ऊस होता. पाटणच्या पुढं भाताची खाचरं दिसायला लागली, पिवळी झालेली. डोंगर जवळ आले, घरांची छपरं उतरती झाली, हवा जड. कोयनानगरला काच खाली केली तर ओल्या मातीचा वास, आणि आमच्याकडं त्याच दिवशी सकाळी अंगणात धुरळा होता.

कोयनेला आण्णांचं भाषण ठरलेलं. दोन भाग असतात. पहिला, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. भूकंप झाला तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे, माळ्यावरची भांडी अंगावर आली, आजी ओरडली चोर आले. दुसरा भाग पाण्याचा. कोयना नदी मुळात कराडला येऊन कृष्णेला मिळते, म्हणजे ती आपल्याकडंच निघालेली असते. धरणात १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी वीज करायला बोगद्यातनं डोंगरापलीकडं पोफळीला सोडायची कृष्णा पाणीवाटप लवादानं मुभा दिलेली, तिथनं ते वाशिष्ठीतनं थेट समुद्रात. आणि आपण कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी पंपानं उचलून, टप्प्याटप्प्यानं वर चढवून खानापूर-आटपाडीला आणायचं. "पाणी घालवून वीज करायची आणि वीज घालवून पाणी आणायचं," आण्णा म्हणले. मी त्यांच्याशी ह्या विषयावर वाद घालत नाही. एक तर ते सगळं इतकं सोपं नाही हे मला माहीत आहे, आणि दुसरं म्हणजे टेंभूचं पाणी यायच्या आधीचं आमचं शिवार मी बघितलंय.

तीन वाजता हेळवाक सोडलं आणि कुंभार्ली घाटाला लागलो. ऊन होतं. खोटं नाही सांगत, लख्ख ऊन. दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर मागनं अंधार आला. पुढनं नाही, मागनं, आम्ही आलो त्या बाजूनं. आधी वारा, मग चार थेंब असे की बोनेटवर कुणी चिंचोके टाकावेत, आणि मग एकदम सगळं पांढरं. वायपर लावले. डावा बरा चालला. माझ्या बाजूच्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला त्याचं रबर सुटून काचेवर मेलेल्या सापासारखं लोंबायला लागलं. सहा वर्षं गाडी वापरतोय, वायपरचं रबर बदलायचं असतं हे माझ्या गावीच नाही, कारण विट्यात वर्षातनं दहा-बारा दिवस लागतो तो, बाकी सगळा वेळ उन्हात वाळतो. वाळून वाळून त्याचा पापड झालेला.

हजार्ड लावून गाडी डोंगराच्या कडेला घेतली. मागनं ट्रक हॉर्न देत जाताहेत, बायको देवाचं नाव घेतेय, पोरगी खूश. आण्णांनी काही न बोलता खिशातनं पिशवी काढली, तंबाखू हातावर घेतली, थोडा पाऊस कमी झाल्यावर खाली उतरले आणि बाहेरनं माझ्या बाजूच्या काचेवर ती ओली तंबाखू चोळली, भाकरीला तेल लावावं तशी. जुन्या ड्रायव्हर लोकांची युक्ती आहे, काचेवर थेंब साचत नाहीत, पाणी पसरून सरळ खाली वाहतं. बऱ्यापैकी दिसायला लागलं की! पंधरा वर्षं आम्ही सगळे त्यांच्या तंबाखूच्या मागं लागलोय सोडा सोडा म्हणून, आता घाट उतरंस्तोवर बायको पण गप्प.

खाली पोफळीत आलो तर रस्ता कोरडा. चिपळूणमध्ये गॅरेज शोधलं, त्याच्याकडं आमच्या मापाचा वायपर नव्हता, त्यानं दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा कापून बसवला, म्हणला दोन दिवस निघतील. गॅरेजच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक पाण्याची रेघ होती. २२ जुलै २०२१ ची, विचारायची गरज नव्हती. त्याच आठवड्यात आमची सांगली पण पाण्यात होती. मी म्हणलो, आम्ही सांगली जिल्ह्यातले. त्यानं मान हलवली आणि पन्नास रुपये कमी घेतले.

गुहागरला पोचलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. लवकर पोचायचं म्हणून पाचला निघणार होतो ते सूर्य बुडताना बघायलाच. असो. रस्ता गावात शिरतो, दोन्हीकडं नारळ-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, व्याडेश्वराचं देऊळ, आणि मग एक बोळ, आणि बोळाच्या तोंडाला एकदम काहीच नाही. काळोख आणि आवाज. भरती होती. लांबलचक किनारा आहे गुहागरचा, सहा एक किलोमीटर सरळ, पण तेव्हा दिसत काहीच नव्हतं, नुसती पांढरी रेघ येत होती आणि मोडत होती. आमचा रोड संपला. मी काहीतरी बोलणार होतो तेवढ्यात आण्णा म्हणले, "अलेप्पीला ह्याच्यापेक्षा मोठा आहे."

उतरलो होतो एका घरगुती ठिकाणी. काका-काकू दोघंच, वाडीत मागं दोन खोल्या. रात्री आठला जेवायला बसलो, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आणि बाहेर कडाड. घाटातला तोच पाऊस, आमच्यामागनं घाट उतरून आलेला! आता ह्यात माझं लहानपणापासनंचं गणित फिसकटलं. मी काकांना म्हणलो, काय हो, पाऊस समुद्रावरनं यायला पाहिजे ना? काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मला शाळेतले गुरुजी आठवले.

"तो जूनमधला. हा परतीचा. हा तुमच्या घाटावरनंच येतो हो."

मग त्यांनी समजावलं. ऑक्टोबरात दिवसभर वर देशावर आणि घाटमाथ्यावर ऊन तापतं, ढग तिथंच तयार होतात, वाढत जातात, आणि वरचा वारा आता पूर्वेकडनं असतो, तर दुपारनंतर ते खाली कोकणात ढकलले जातात. म्हणून सकाळी सगळं निरभ्र आणि संध्याकाळी गडगडाट. त्यांचं भात कापून शेतात पडलेलं, दोन दिवस वाळवायचं असतं, ते भिजलं की लोंबीतच मोड येतात. "चार महिने आम्ही तुम्हाला ढग पाठवतो आणि तुम्ही आता भाताच्या वेळी परत पाठवता," काकू हसत म्हणल्या, पण उठून दोनदा दार उघडून बघून आल्या.

मी दादाला फोन लावला. म्हणलो, तू मला ढग बघायला सांगितलास, पण ढग तुमच्याकडनंच येताहेत. तो म्हणला, "म्हणजे इथला गेला तिकडं?" मी म्हणलो हो. बराच वेळ गप्प. मग म्हणला, "बरं झालं." मी काकांसमोर बसलेलो, मला फोन बंद करावासा वाटला.

आण्णांना रात्री तांदळाची भाकरी चढली नाही. शाळूच्या भाकरीला चव असते, ही कागद आहे म्हणले. चार खाल्ल्या.

सकाळी किनारा दिसला आणि काय सांगू, धुतल्यासारखा. वाळू घट्ट, माणूस नाही, मागं सुरूच्या झाडांची रांग, त्यातनं वारा गेला की पावसाचाच आवाज होतो, मी दोनदा फसलो. पोरगी खेकड्यांच्या मागं. बायकोनं चपला हातात घेतल्या त्या दीड तास खाली ठेवल्या नाहीत. आण्णा एका जाळंवाल्याशी बोलत बसले. ह्यावर जास्त लिहीत नाही, समुद्राचं वर्णन आमच्यासारख्यानं करायचं म्हणजे जत्रेतल्या पोरानं विमानाचं करावं तसं होतं.

पुढचा रस्ता, गुहागरवरनं वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, हा मला सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात आवडला. अरुंद, खड्डे आहेत, समोरनं एसटी आली की एकानं मागं घ्यायचं. पण दर पाच-सात किलोमीटरला नकाशा बदलतो: चढलो की काजू-आंब्याची झाडी आणि जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, सड्यावर गुडघाभर वाळकं गवत, उतरलो की नारळ, खाडी, पूल, चार घरं, परत चढ. सड्यावर ऊन मी म्हणत होतं आणि खाली झाडीत गारवा.

हेदवीला दशभुजा गणपती केला आणि बामणघळ बघायला गेलो. कातळात एक अरुंद फट आहे, भरतीच्या वेळी लाट त्यात घुसते आणि पाणी कारंज्यासारखं उंच उडतं. आम्ही गेलो बारा वाजता. फटीत तळाला थोडं पाणी डुबुक डुबुक करत होतं. आण्णा म्हणले, "ह्याच्यासाठी आलो?" तिथं एक आजोबा बसलेले, त्यांनी विचारलं आज तिथी काय? आण्णांना तिथी पाठ असते, म्हणले अष्टमी. आजोबा म्हणले मग आठाचं पाऊणपट करा. सहा. सहाला भरती, बाराला सुकती. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, एवढं सोपं. पोरीनं लगेच कालच्या सप्तमीचं काढलं, सव्वापाच, म्हणजे काल रात्री आम्ही पोचलो तेव्हा पाणी का भरलेलं होतं ते पण कळलं. आण्णांना हे फारच आवडलं. नंतर दोन दिवस ते दिसेल त्या माणसाला तिथी सांगून भरतीची वेळ सांगत होते, कोकणातल्याच माणसांना.

तवसाळला जेटीवर अडीचला पोचलो. इथनं गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि शास्त्री नदीच्या खाडीपलीकडं जयगड. बोट पलीकडं होती. इकडं पूर्वेला, खाडीच्या वरच्या अंगाला, आकाश जांभळं झालेलं. आज मला माहीत होतं कुठं बघायचं. बोट आली, चार गाड्या उतरल्या, आमच्या चढायच्या आधी वारा सुटला आणि खलाश्यानं हात आडवा केला. थांबा. अर्धा-पाऊण तास गाडीत बसून राहिलो. वीज खाडीच्या पलीकडच्या डोंगरावर पडत होती, पोरगी वीज दिसली की मोजायची, आवाज येईपर्यंत किती आकडे होतात, बारा, नऊ, सात. सातला तिनं मोजायचं सोडलं आणि आईला चिकटली. एक माणूस जेटीच्या टोकाला छत्री धरून सेल्फी काढत होता, त्याला खलाश्यानं दिलेली शिवी इथं लिहिता येत नाही पण ती योग्य होती. उघड्या पाण्यावर, उघड्या किनाऱ्यावर वीज चमकत असताना थांबूच नये, हे त्याला कुणी सांगायचं.

पाऊस मागं पडला तशी बोट सुटली. दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर. खाडीचं पाणी एका बाजूला गढूळ तांबडं आणि समुद्राकडच्या बाजूला हिरवट, मध्ये शिवणीसारखी रेघ. आण्णा कठड्याला धरून ते बघत उभे होते. मी वाट बघत होतो केरळची. काही बोलले नाहीत. पलीकडं उतरल्यावर म्हणले, "हे तांबडं सगळं डोंगरातनं आलंय."

मुक्काम गणपतीपुळे. तिथं गर्दी, दर्शन झालं, खोली महाग, सुरमई भारी, पुढं चला.

तिसऱ्या दिवशी आरे-वारे. रस्ता डोंगराच्या खांद्यावर चढतो आणि दोन्ही बाजूंना खाली समुद्र. इथं मात्र माझ्यासारख्या माणसाला पण थांबून फोटो काढावा लागतो. रत्नागिरीत थिबा पॅलेस बघितला. ब्रह्मदेशाचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी पकडला, पुढं इथं आणून ठेवला, राजवाडा बांधून झाला १९१० ला, आणि १९१६ ला तो इथंच वारला. पोरीनं विचारलं, त्यानं घरी जायला रोड नव्हता का? बायकोनं तिला बाहेर नेऊन आइस्क्रीम दिलं.

आंबा घाट दुपारी दोनच्या आत चढायचा हा माझा हट्ट, आता मी परतीच्या पावसातला तज्ज्ञ ना. साखरप्यात चहा घेतला. साखरप्याच्या पुढं घाट चढायला लागलो की झाडी इतकी दाट की भरदुपारी लाईट लावावी वाटते. हा सगळा सह्याद्रीचा माथा, इथनं उत्तरेकडं चांदोली, त्याच्यापुढं कोयना, मिळून २०१० पासनं व्याघ्र प्रकल्प. आणि चांदोलीचा काही भाग आमच्याच सांगली जिल्ह्यात, शिराळ्यात. एकाच जिल्ह्यात एका टोकाला जतचा माळ आणि दुसऱ्या टोकाला हे, कुणाला सांगून पटत नाही. आंब्याच्या अलीकडं एका वळणावर गाड्या थांबलेल्या. गवा. रस्त्याच्या कडेला, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, पायमोजे घातल्यासारखे. तो आमच्याकडं बघत होता आणि चघळत होता. कुणी हॉर्न वाजवला नाही, ही कमालच म्हणायची. पाच मिनिटांनी त्याचं त्यालाच वाटलं आणि तो झाडीत गेला, एवढं मोठं जनावर आणि पान हललं नाही.

मलकापूर, कोकरूड, शिराळा. जशी झाडं कमी झाली तसे आण्णा बोलायला लागले. गुहागरातनं निघताना काकांच्या वाडीतनं त्यांनी नारळाची दोन रोपं विकत घेतलेली, ती तीन दिवस माझ्या पायात. घरी आल्या आल्या विहिरीजवळ खड्डे काढले. दादा म्हणला आपल्याकडं ह्याला नारळ लागायचे नाहीत, आणि लागले तरी पाणी कोण घालणार. आण्णा म्हणले टेंभू घालंल.

बागेवर त्या तीन दिवसांत एक थेंब पडला नाही. दादा खूश. गुहागरच्या काकांना फोन केला, त्यांचं निम्मं भात भिजलं होतं.

गाडीचे दोन्ही वायपर नवीन टाकून घेतले, कंपनीचे, चांगल्यातले. आज बावीस दिवस झाले. काल पोरीनं नुसते पाणी मारून लावून बघितले, चालतात का म्हणून.